निडवा घेऊ नये

गेल्या वर्षी ईस्टरच्या पुढच्या रविवारी मी आमच्या मंडळीच्या तरुण संघाचं अध्यक्षपद सोडलं. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, मी उभा राहून चार शब्द बोललो आणि बाहेर येऊन चपला घालतोय तोवर पहिला प्रश्न आला, "काय रं, कुणाशी वाजलं का?" दुसरं बोलणं एका आजींचं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काळजीनं म्हणाल्या, "लेकरा, देवाचं काम असं मधीच सोडू नये." तिसरा प्रश्न कुणी तोंडानं विचारला नाही, तो नजरांत होता : हिशेबात काही भानगड तर नाही?

कुणाशी वाजलं नव्हतं. श्रद्धा होती तिथंच होती. हिशेब पैशापैशाला जुळत होता. चौदा वर्षं झाली होती, म्हणून मी थांबलो. एवढं कारण कुणालाच पुरलं नाही. वर्ष उलटलं तरी काहीजण अजून 'खरं कारण' शोधतायत. वेळ झाली म्हणून माणूस पद सोडतो, ही गोष्टच आपल्या मंडळ्यांच्या ओळखीची नाही आणि याची मला मनापासून चिंता वाटते.

लोकांना दोष देऊन उपयोग नाही. आपल्याकडं राजीनामा बहुधा रागाचाच असतो. पंचांच्या निवडणुकीत मनासारखं झालं नाही, कुणी चारचौघांत टाकून बोललं, की कागद टेबलावर आपटला जातो आणि पुढच्या रविवारपासून ते कुटुंब दुसऱ्या चर्चमध्ये दिसतं. आधी सांगून, हिशेब देऊन आणि पुन्हा त्याच मंडळीत येऊन बसण्यासाठी पद सोडलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. कॅथलिक चर्चचं घर केवढं मोठं, पण पोप सोळावे बेनेडिक्ट २०१३ च्या फेब्रुवारीत पायउतार झाले तेव्हा तिथंही लोक चकित झाले. निव्वळ आपखुशीनं गादी सोडलेला त्याआधीचा पोप शोधायचा तर १२९४ सालापर्यंत मागं जावं लागत होतं.

आमचं कोरेगाव हे पुणे-मिरज रेल्वेवरचं तालुक्याचं गाव. आमची मंडळी लहान, घरं मोजून तीसही नाहीत. पोरं बारावी झाली की पुण्याला जातात, तिथंच नोकरीला लागतात आणि नाताळला चार दिवस येतात. मागं राहतो तो ज्याचं गावात दुकान आहे, ज्याला शाळेत नोकरी आहे, नाहीतर ज्याच्या वाट्याला घरची शेती आली आहे. तरुण संघ त्याच्याकडं येतो. विशीत आलेला संघ मग चाळिशीतही त्याच्याकडंच असतो. या भागातल्या ज्या मंडळ्या मला ठाऊक आहेत, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी तरुण संघाच्या अध्यक्षाचा मुलगा आता त्या संघाचा सभासद झालाय. यात त्या माणसाची हाव नसते, हे मी आतून सांगू शकतो. शनिवारी संध्याकाळी चर्चचं दार उघडायला कुणीतरी लागतं, सतरंज्या झटकायला, पेटी बाहेर काढायला लागतं. तो ते करतो. करता करता दहा वर्षं जातात.

आमच्याकडं ऊस आहे, म्हणून मला हे उसाच्या भाषेत सांगणं सोपं जातं. नवीन लावला ती लागण. तो तुटून गेल्यावर त्याच बुडख्यांतून फुटून येतो तो खोडवा. खोडवाही तुटला की पुन्हा फुटतो तो निडवा. लागणीला खर्च असतो, बेणं आणावं लागतं, सरी सोडावी लागते. खोडव्याला यातलं काही लागत नाही, नीट जोपासला तर तो चांगला उतरतो. निडव्यात मात्र फुटवे विरळ होतात, जागोजाग नांगे पडतात, कीड-रोग रानातच मुक्काम करतात. शेतकरी तरीही निडवा ठेवतो, कारण मोडून पुन्हा लावायला पैसा आणि हिंमत दोन्ही लागतात. उसाला दोष नसतो. रानातून फुकट फुटून येतंय, हीच त्यातली भूल असते. माझी पहिली चार वर्षं लागणीची होती, पुढची चार खोडव्याची. उरलेली सहा वर्षं मी निडवा घेतला.

हे मला कळलं ते एका डिसेंबरात. आई मिरजेच्या दवाखान्यात होती आणि मी तिथं बसून होतो. त्या वर्षी कॅरल मंडळी माझ्याशिवाय निघाली. दरवर्षीचा आमचा रस्ता ठरलेला असे : चर्चपासून सुरुवात, मग बाजारपेठेतली घरं, मग स्टेशनकडची आणि सगळ्यांत शेवटी कालव्यापलीकडं एकट्या राहणाऱ्या एका विधवा बाईंचं घर. तिथं पोचायला रात्रीचा दीड वाजायचा. त्या आमच्यासाठी चहा करून ठेवायच्या आणि आम्ही आलो की पुन्हा तापवायच्या. त्या वर्षी दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक पोरगी पुढं होती. मला न विचारता तिनं रस्ता उलटा केला आणि सात वाजता पहिली हाक त्या बाईंच्या दारात दिली. परत आल्यावर मी बाईंना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "यंदा पोरं मी जागी असताना आली."

अकरा वर्षं मी तो रस्ता आखत होतो. कुणीतरी शेवटचं असणारच, हे मी धरून चाललो होतो. ते दरवर्षी एकच माणूस असतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या पोरीच्या पहिल्याच फेरीत आलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती म्हणून तसं झालं असं मला वाटत नाही. तिची नजर नवी होती. माझ्या नजरेला तो रस्ता इतका सवयीचा झाला होता की तो आता रस्ता म्हणून दिसतच नव्हता. त्याच फेरीत पोरांच्या चुकाही झाल्या : दोन घरं राहून गेली, दानार्पणाची पेटी एका घरी विसरली, तबला ज्याच्याकडं दिला त्याला ठेका धरता येत नव्हता. राहिलेल्या दोन घरांत पोरं दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागून आली. त्या घरांशी पोरांचं बोलणं तेव्हापासून सुरू झालं. माझ्या काळात तिथं नुसतं गाणं होऊन आम्ही पुढं जात होतो.

हे सगळं कळूनही पद सोडायला मला आणखी तीन वर्षं लागली. 'पुढं कुणी नाही' हे वाक्य मी तोवर इतक्यांदा बोललो होतो की ते मलाच खरं वाटत होतं. या वाक्याचा नीट विचार केला पाहिजे, कारण तरुण संघ सोडण्याविरुद्धचा सगळ्यांत जोरदार मुद्दा तोच आहे. आणि तो अर्धा खरा आहे. गावात पोरं कमी आहेत, हे खरं. पण जी आहेत त्यांना पुढं येण्याची गरज कधी पडली? प्रार्थना कोण करणार म्हटलं की सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळायची आणि ते मला बरं वाटायचं. मोठ्या झाडाखाली रोप उठत नाही, याचा अर्थ रानात बी नाही असा होत नाही. एखाद्या मंडळीत खरंच तीनच तरुण असतील, तर तिघांनी वर्षवर्ष वाटून घ्यावं. तेही जमणार नसेल तर संघ वर्षभर बंद राहिलेला चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद दार पाहून कुणाला तरी किल्ली मागावीशी वाटेल. एकाच माणसानं पंधरा वर्षं उघडं ठेवलेलं दार पाहून तसं कुणालाच वाटत नाही.

देवाच्या कामाला निवृत्ती नसते, असं त्या आजींना वाटत होतं. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण पवित्र शास्त्र तसं सांगत नाही. गणनाच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी लेव्यांसाठी नियम आहे : पंचविसाव्या वर्षी त्यांनी दर्शनमंडपाच्या सेवेला लागावं आणि पन्नासाव्या वर्षी त्या सेवेतून मोकळं व्हावं. त्यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मोकळं झालेल्या लेव्यानं आपल्या भाऊबंदांना राखणीत मदत करावी, सेवेचं काम मात्र स्वतः करू नये, असं तिथं आहे. म्हणजे त्याला घरी पाठवलेलं नाही. तो तिथंच आहे, मंडपाशीच आहे, पण भार आता दुसऱ्याच्या खांद्यावर आहे. दर्शनमंडपाच्या सेवेला वयाची अट लागू होते, मग शनिवारच्या सभेला का नसावी?

शमुवेलाचं उदाहरण याहून थेट आहे. शौल राजा झाल्यावर म्हातारा शमुवेल सगळ्या लोकांसमोर उभा राहिला आणि आधी त्यानं स्वतःचा हिशेब मांडला. मी कुणाचा बैल नेला असेल, कुणाचं गाढव नेलं असेल, कुणाकडून लाच खाल्ली असेल तर आत्ता तोंडावर सांगा, मी भरून देतो, असं आव्हान दिलं. लोकांनी साक्ष दिल्यावरच तो पुढचं बोलला. निरोपाच्या भाषणाची ही रीत आपण विसरलो आहोत. आपल्याकडं निरोपाला शाल असते, हार असतो, स्तुती असते. हिशेब नसतो. मी त्या रविवारी वही वाचून दाखवली : शिल्लक चार हजार सहाशे दहा रुपये, एक पेटी, तबला-डग्गा, कॅरमचे दोन बोर्ड, उपासना संगीताच्या सतरा प्रती, त्यांतल्या तीन फाटक्या, आणि कपाटाची एक किल्ली. वाचताना आवाज कापत होता. किल्ली देताना हात लवकर सुटला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

पद सोडणं म्हणजे देवाला सोडणं नव्हे, याचा आपल्या जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा दाखला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा आहे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यापासून टिळक अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम करत होते. नाव होतं, मान होता, ठरलेला पगार होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र बसतील असं ते घर त्यांना हवं होतं. कोरेगावहून ते सातारा किती लांब? बसनं अर्धा-पाऊण तास. टिळकांनी पद सोडलं म्हणून त्यांची ख्रिस्तभक्ती कमी झाली असं म्हणण्याची आज कुणाची छाती होणार नाही. ती भक्ती पदात मावेना म्हणून त्यांनी पद सोडलं.

पण टिळकांच्या याच शेवटच्या पर्वात दुसरी बाजूही दिसते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबाराला दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत आणि त्यांच्यामागं तो फार टिकला नाही. तो त्यांच्या एकट्याच्या तेजावर उभा होता. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनी अपुरंच ठेवलं होतं, पण ते पुढं गेलं. त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. टिळकांशी लग्न झालं तेव्हा ज्यांना धड लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी. एकाच माणसाची दोन अपुरी कामं. जिथं दुसरा हात तयार झाला होता तिथं काम चाललं. मी जेव्हा जेव्हा 'पुढं कुणी नाही' म्हणत होतो, तेव्हा माझ्या घरात, माझ्या मंडळीत लक्ष्मीबाई कोण आहे हे मी शोधलं नव्हतं.

तरुणांच्या चळवळीच तरुणांच्या हातून कशा निसटतात, हे जगातही दिसतं. २ फेब्रुवारी १८८१ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये फ्रान्सिस क्लार्क या एकोणतीस वर्षांच्या पाळकानं आपल्या चर्चमधल्या पोरांसाठी 'ख्रिश्चन एंडेव्हर' नावाची संस्था काढली. सभा पोरांनीच चालवायची, प्रत्येकानं काहीतरी बोलायचं, कामं समित्यांनी वाटून घ्यायची, ही तिची रीत. आज आपल्या तरुण संघात जे चालतं, त्याचं पुष्कळसं मूळ तिथं आहे. काही दशकांत ती मिशनांबरोबर जगभर पसरली. पण तिच्या मध्यवर्ती संघटनेचं अध्यक्षपद क्लार्क यांनी १९२५ पर्यंत सांभाळलं. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. तरीही पोरांनी पुढं व्हावं म्हणून जी गोष्ट सुरू झाली, तिच्या शिखरावर जवळजवळ चाळीस वर्षं एकच माणूस असावा, हे मला पटत नाही.

आपल्या मंडळ्या ज्या मिशननं लावल्या त्या मिशनच्या विचारांत मात्र वेगळं बी होतं. त्या मिशनच्या मूळ संस्थेचे, म्हणजे अमेरिकन बोर्डाचे, सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं : स्थानिक मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, सुवार्ता स्वतः सांगावी आणि मिशनऱ्यानं तिथून पुढं निघून जावं. अनेक मिशनऱ्यांना ते जड गेलं आणि अंमलात यायला पिढ्या गेल्या. तरी मिशनऱ्यानं कधीतरी जायचंच असतं, हे सूत्र तेव्हापासून आहे. मिरजेत दुसऱ्या एका मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं आणि काही वर्षांतच इथल्या मुलांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. १९२८ साली ते निवृत्त होऊन गेले, तेव्हा रुग्णालयाचं दार बंद झालं नाही. त्यांचे सहकारी डॉ. व्हेल आणि इतर मंडळी आधीपासून तिथं उभी होती.

आणखी एक कारण आहे, जे आपण मोठ्यानं बोलत नाही. तरुण संघात तेरा-चौदा वर्षांची मुलं-मुली येतात. त्यांच्या मनातलं सगळ्यांत आधी ज्याला कळतं, तो माणूस संघाचा पुढारी असतो. शिबिराला कुणी यायचं, स्टेजवर कुणी गायचं, कुणाच्या घरी जाऊन समजूत घालायची, हे तो ठरवतो. इतकी सत्ता एका माणसाकडं दहा-पंधरा वर्षं राहणं बरं नाही, तो माणूस कितीही चांगला असला तरी. चांगल्या माणसाबद्दलही मुलांना तक्रार करता आली पाहिजे. जो कायमचाच आहे त्याच्याविरुद्ध लहान मंडळीत कुणी बोलत नाही. आणि ज्यानं या विश्वासाचा गैरफायदा घेतला असेल, त्याच्यासाठी मुदत, निरोप, शाल यांतलं काहीही नको. त्याला त्याच दिवशी बाजूला करावं आणि कायद्याचं जे असेल ते होऊ द्यावं.

सोडण्याच्याही दोन जाती आहेत. अवघड झालं म्हणून पळणं वेगळं. बायकामुलांकडं दुर्लक्ष होतंय, धंदा बसतोय, मन थकलंय अशी कारणं असतील तर ती लपवण्यात काही अर्थ नाही, आणि अशा माणसाला मंडळीनं दोष लावू नये. पण निम्म्यात, नाताळ तोंडावर आलेला असताना, फोन बंद करून सोडलं तर मागच्या पोरांच्या डोक्यावर सगळं कोसळतं. मी सहा महिने आधी सांगितलं. माझ्या जागी कोण, हे मी सुचवलं नाही, कारण सुचवलं असतं तर पुढं येणारा माझा माणूस झाला असता. पोरांनी मतदान केलं. ज्या पोरीनं रस्ता उलटा केला होता, ती निवडून आली नाही. दुसराच एक मुलगा आला, ज्याला मी कधी मोजलं नव्हतं. मला वाईट वाटलं. आणि ते वाईट वाटणं हेच दाखवत होतं की मी मनातल्या मनात अजून नेमणुका करत होतो.

त्यानंतरचे महिने सोपे गेले नाहीत. शनिवारी संध्याकाळी पाय चर्चकडं वळायचे. फोन वाजायचा थांबला. गुड फ्रायडेच्या कार्यक्रमात पोरांनी माझ्या काळातलं नाटक काढून टाकलं आणि मला ते कार्यक्रमातच कळलं. पण एक गोष्ट परत मिळाली. चौदा वर्षांत मी एकही प्रवचन पूर्ण ऐकलं नव्हतं. पाळकसाहेब बोलत असताना माझं डोकं पुढच्या गाण्यात, माइकच्या वायरीत, कोण आलं नाही यात असायचं. आता मी मागच्या बाकावर बसतो आणि ऐकतो. कधीकधी सतरंज्या उचलायला हात लावतो. नवा अध्यक्ष काही विचारायला आला तर सांगतो, आला नाही तर गप्प राहतो. हे गप्प राहणं मला अजून पुरतं जमलेलं नाही.

वाचणाऱ्यांत कुणी तरुण संघाचे पुढारी असतील, कुणी पंच असतील. माझी विनंती पंचांना आधी आहे. हे माणसाच्या मनावर सोडू नका, मन नेहमी आणखी एक वर्ष मागतं. तीन वर्षांची एक मुदत, फार तर सलग दोन, आणि तिसरी कुणालाही नाही, असा ठराव तुमच्या मंडळीच्या येत्या वार्षिक सभेत मांडा आणि नियमावलीत लिहून घ्या. आणि पुढाऱ्यांनो, तुमची दुसरी मुदत संपत आली असेल तर आजच पाळकसाहेबांना सांगा, आणि आजपासून शनिवारी कपाट उघडायला किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.